आकाशातले पाटपाणी
(उपग्रह संदेशवहनातील स्पेक्ट्रमची वाटणी)

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट कंपनीबरोबर आशयपत्र केले. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम यांसारख्या दुर्गम भागांतील सरकारी संस्था, ग्रामीण वस्त्या आणि महत्त्वाच्या सार्वजनिक सुविधा उपग्रहाने जोडायच्या, असा त्याचा हेतू. केंद्राच्या परवानग्या मिळणे ही त्यातली अट. बातमीत आपल्या जिल्ह्याचे नाव आल्यामुळे हॉस्टेलवर चर्चा होणारच होती. "आता धडगावला पण फुल नेट!" असे म्हणणारे बरेच होते. पण एक प्रश्न मला जास्त मोलाचा वाटला. आकाशात हजारो उपग्रह, त्यातले बरेचसे एकाच पट्ट्यात बोलणारे, खाली घराघरांवर टीव्हीच्या डिश. मग हे सगळे एकमेकांच्या बोलण्यात घुसत कसे नाहीत? आणि ही हवा नक्की कोणाच्या मालकीची?

आपल्या सिलॅबसमध्ये उपग्रह संदेशवहन हा विषय आहे. लिंक बजेट आपण पाठ करतो, सूत्रात आकडे घालतो, मार्क मिळवतो. पण वाटणीचा हा भाग पुस्तकात दोन पानांत उरकलेला असतो. खरे म्हणजे सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर नेट येणार की नाही, हे त्या दोन पानांवर बरेच अवलंबून आहे. म्हणून हा लेख.

स्पेक्ट्रम म्हणजे काय आणि तो कमी का पडतो?

रेडिओ लहरींच्या वारंवारतेचा जो मोठा पट्टा आहे, त्याला आपण स्पेक्ट्रम म्हणतो. उपग्रहांसाठी त्यातले काही तुकडे राखून ठेवलेले आहेत. ४ ते ८ गिगाहर्ट्झचा सी बँड, १२ ते १८ चा कू बँड आणि २६.५ ते ४० चा का बँड, ही नावे आपल्याला माहीत आहेत. प्रत्यक्षात उपग्रहवाले या सीमा थोड्या सैल धरतात. उदाहरणार्थ १०.७ गिगाहर्ट्झपासूनच्या डाउनलिंकलाही ते कू बँडच म्हणतात.

आता कोणी म्हणेल, हवेत लहरी कितीही सोडा, हवा काय भरून जाते का? हवा भरत नाही, रिसीव्हर गोंधळतो. दोन संदेश एकाच वारंवारतेवर, एकाच वेळी, एकाच दिशेने, एकाच ध्रुवणात आले, तर रिसीव्हरला ते वेगळे करणे अवघड जाते. एकाचा संदेश हा दुसऱ्याचा गोंगाट. मेसमध्ये चारजण एकदम बोलायला लागले की आपल्याला एकाचेही कळत नाही, तसेच. मग लांबच्या माणसाचा आवाज सगळ्यात आधी बुडतो. उपग्रह हा तर फारच लांबचा माणूस. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. तिथून निघालेले काही वॅट पृथ्वीवर येईपर्यंत इतके विरळ होतात, की शेजारी जरा कोणी मोठ्याने बोलले तरी सगळे संपले.

याचे ताजे उदाहरण जमिनीवरचेच आहे. केबलवाल्यांच्या कंट्रोल रूमवर जी मोठी डिश दिसते, ती बहुतेक सी बँडची. ती ३७०० ते ४२०० मेगाहर्ट्झमधली चॅनेल्स घेते. २०२२ च्या लिलावात ५जी साठी ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा पट्टा विकला गेला. म्हणजे दोघांत जागा राहिली फक्त ३० मेगाहर्ट्झची, शेतांमधल्या बांधासारखी. केबलवाल्याचा जुना एलएनबी मात्र ३४०० पासूनच कान उघडून बसलेला असतो. जवळ ५जी टॉवर उभा राहिला तर एलएनबी त्याच्याच आवाजाने भरून जातो आणि उपग्रहाचा क्षीण संदेश वर येतच नाही. उपाय म्हणजे चांगला बँडपास फिल्टर. बांध अरुंद असला की कुंपण मजबूत लागते.

आधी खानदेशातला फड समजून घेऊ

वाटणीचे तत्त्व समजायला लांब जायची गरज नाही. आपल्या शेजारी धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि गावच्या भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार भाग. प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात एका हंगामात एकच पीक. गंमत अशी, की शेतकऱ्याची जमीन एकाच फडात नसते. वेगवेगळ्या फडांत थोडी थोडी असते. पाणी कमी असेल त्या वर्षी गाव ठरवते की इतकेच फड भिजवायचे. मग नुकसान झाले तरी सर्वांचे थोडे थोडे होते. पाटाच्या तोंडाशी असलेल्याचे भागले आणि शेवटचा कोरडा राहिला, असे होत नाही. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. आपल्या मनाने बारे फोडायचे नाही.

स्पेक्ट्रमच्या वाटणीत याच गोष्टी लागतात: ठरलेले भाग, ठरलेली पाळी, राखणदार, आणि शेवटच्या माणसाची आठवण. एक फरक मात्र लक्षात ठेवा. पाणी आज वापरले नाही तर बंधाऱ्यात उरते. स्पेक्ट्रम साठवता येत नाही. या सेकंदाला जो पट्टा रिकामा गेला तो कायमचा वाया गेला. आणि वापरल्याने तो झिजतही नाही. म्हणून कोणाला तरी देऊन टाकून कुलूप लावणे, ही स्पेक्ट्रमच्या बाबतीत सर्वांत महागडी उधळपट्टी आहे.

वाटणीच्या पाच रीती

वायवाला विचारले तर या पाच सांगा.

१) वारंवारतेने: पट्ट्याचे तुकडे पाडायचे, प्रत्येकाला एक. मध्ये थोडा बांध. हीच एफडीएमए.

२) वेळेने: पट्टा एकच, पण पाळीपाळीने. व्हीसॅटच्या जाळ्यात हे चालते. बँकेची शाखा किंवा एटीएम आपल्या पाळीला मिलिसेकंदभर बोलते आणि गप्प बसते. हीच टीडीएमए.

३) ध्रुवणाने: एक लहर उभी कंप पावणारी, दुसरी आडवी. वारंवारता तीच, तरी एलएनबी दोन्ही वेगळ्या ओळखतो. एका पट्ट्याचे दोन झाले. सेट-टॉप बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट देतो तो ह्याचसाठी: १३ ला उभे, १८ ला आडवे.

४) जागेने: उपग्रहाचा झोत सगळ्या देशावर न टाकता छोट्या छोट्या भागांवर टाकायचा. लगतच्या भागांना वेगळे तुकडे, लांबच्या भागांना पुन्हा तेच. नकाशात शेजारची राज्ये वेगळ्या रंगात रंगवतात, तसे.

५) दिशेने: दोन उपग्रह एकाच वारंवारतेवर बोलत असले, तरी जमिनीवरची डिश एकाकडेच बघत असेल तर दुसरा तिला जवळजवळ ऐकू येत नाही.

सीडीएमएमध्ये सगळे एकदम एकाच पट्ट्यात बोलतात पण प्रत्येकाचा कोड वेगळा असतो, ती सहावी रीत म्हणता येईल. पण उपग्रहांचा मोठा खेळ चौथ्या आणि पाचव्या रीतीवर चालतो.

७४ अंश पूर्व: आपल्या डोक्यावरची जागा

नंदुरबार शहराचे रेखांश सुमारे ७४.२ अंश पूर्व. भूस्थिर कक्षेत ७४ अंश पूर्व ही भारताची एक महत्त्वाची जागा आहे. म्हणजे नंदुरबारमधून बरोबर दक्षिणेकडे तोंड केले आणि क्षितिजापासून सुमारे ६५ अंश वर पाहिले, की नजर या जागेवर जाते. उपग्रह दिसणार नाही, पण आहे तो तिथेच.

२० सप्टेंबर २००४ रोजी सोडलेला एज्युसॅट इथेच होता. खास शिक्षणासाठी सोडलेला तो आपला पहिला उपग्रह. त्याच्या प्रायोगिक टप्प्यात नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सामील होते. २०१० मध्ये तो निवृत्त झाला. पुढे २०१६ मध्ये हवामानाचा इन्सॅट-३डीआर आणि संदेशवहनाचा जीसॅट-१८ हे दोन्ही ७४ अंशांवरच ठेवायला पाठवले गेले. एका जागेवर अनेक उपग्रह कसे? 'जागा' म्हणजे बिंदू नव्हे. त्या कक्षेत एक अंश म्हणजे सुमारे ७३६ किलोमीटर. दशांश अंशाची हालचाल धरली तरी ७०-७५ किलोमीटरची मोकळीक मिळते. धडक होत नाही. प्रश्न उरतो तो आवाजाचा, आणि तो सुटतो पहिल्या रीतीने, म्हणजे प्रत्येकाचे वारंवारतेचे तुकडे वेगळे ठेवून.

याच जागेसाठी ५ डिसेंबर २०१८ रोजी जीसॅट-११ सोडला गेला. वजन ५,८५४ किलो. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे कू बँडमधले ३२ झोत आणि का बँडमधले ८ हब झोत. इथे चौथी रीत कामाला आली. समजा पट्ट्याचे चार 'रंग' केले, म्हणजे दोन वारंवारता गुणिले दोन ध्रुवणे. प्रत्येक झोताला एक रंग मिळाला, म्हणजे पाव वाटा. पण झोत ३२ आहेत, म्हणून एकूण वापर ३२ भागिले ४, म्हणजे ८ पट झाला. स्पेक्ट्रम तितकाच, काम आठपट! भारतनेट योजनेत जिथे फायबर पोचवणे अवघड, अशा ग्रामपंचायतींना जोडणे हे या उपग्रहाचे एक उद्दिष्ट इस्रोने जाहीर केले होते.

शेजारच्या दोन जागांमध्ये अंतर किती ठेवायचे? हे डिशच्या आकारावर ठरते. डिशच्या झोताची रुंदी अंशांत काढायला सोपे सूत्र आहे: ७० गुणिले तरंगलांबी भागिले डिशचा व्यास. १२ गिगाहर्ट्झला तरंगलांबी २.५ सेंटिमीटर. ६० सेंटिमीटरच्या डिशला उत्तर येते सुमारे २.९ अंश, म्हणजे मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना दीड-दीड अंश. दोन-तीन अंशांवरचा शेजारी उपग्रह तिच्या कडेवर किंवा बाहेर पडतो. डिश लहान केली की झोत रुंदावतो आणि शेजारी ऐकू यायला लागतो. 'डिश अजून छोटी का करत नाहीत?' याचे निम्मे उत्तर इथे आहे.

खालचे उपग्रह आले आणि गणित बदलले

भूस्थिर उपग्रहाची अडचण म्हणजे लांबी. वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंदाच्या जवळपास लागतो. प्रश्न आणि उत्तर मिळून अर्धा सेकंद. टीव्हीला चालते, बोलताना अडखळायला होते. म्हणून सुमारे ५५० किलोमीटरवर फिरणारे उपग्रह आले. तिथे वर-खाली जायला चार मिलिसेकंदसुद्धा लागत नाहीत. पण हे उपग्रह एका जागी थांबत नाहीत. सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने धावतात आणि सुमारे ९५ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतात. म्हणून एका उपग्रहाने भागत नाही, हजारो लागतात.

आता तंटा बघा. स्टारलिंकचा ग्राहकांकडे येणारा डाउनलिंक १०.७ ते १२.७ गिगाहर्ट्झमध्ये आहे. आपल्या घरावरची डीडी फ्री डिश ११ ते १२ गिगाहर्ट्झच्या दरम्यान ऐकते. पट्टा तोच! आणि खालचा उपग्रह जवळ असल्यामुळे मोठ्याने ऐकू येतो. किती मोठ्याने? ३५,७८६ ला ५५० ने भागा: ६५. वर्ग करा: सुमारे ४,२००. म्हणजे दोन्ही उपग्रहांनी सारख्याच ताकदीने सारखाच झोत टाकला, तर खालचा ४,२०० पट, म्हणजे सुमारे ३६ डेसिबल जोरात ऐकू येईल. वरच्याचे काय ऐकणार?

मी आणि माझ्या रूममेटने याचा हिशोब गच्चीवर करून पाहिला. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे. नंदुरबारसाठी गणित केले तर दिशा येते उत्तरेपासून सुमारे १३६ अंश, म्हणजे आग्नेय, आणि उंची सुमारे ५७ अंश. होकायंत्र घेऊन गल्लीतल्या डिश बघा, सगळ्या आग्नेयेकडेच तोंड करून आहेत. (डिश ५७ अंशांपेक्षा बरीच उभी दिसते, कारण ती ऑफसेट प्रकारची असते, फसू नका.) आता या रेषेत ५५० किलोमीटरवरचा उपग्रह आडवा आला, तर तिरप्या अंतराने तो साडेसहाशे किलोमीटरच्या आत-बाहेर असतो आणि २.९ अंशांचा झोत चार-पाच सेकंदांत ओलांडतो. एकदा आला तर चालेल. पण हजारो उपग्रह म्हटल्यावर कोणी ना कोणी आडवा येतच राहणार.

नियम काय सांगतो? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ, म्हणजे आयटीयू, हा या पाटाचा पाटकरी. त्याच्या रेडिओ नियमावलीतल्या कलम २२ प्रमाणे फिरत्या उपग्रहांनी भूस्थिर उपग्रहांच्या दूरदर्शन आणि स्थिर संदेशवहन सेवांना मान्य मर्यादेपलीकडे त्रास द्यायचा नाही. ही मर्यादा ईपीएफडी या आकड्याने मोजतात. त्यात नुसती एका उपग्रहाची ताकद बघत नाहीत. दिसणाऱ्या सर्व उपग्रहांची ताकद घेतात, प्रत्येकाला 'ऐकणाऱ्या डिशच्या मध्यरेषेपासून तो किती बाजूला आहे' यानुसार वजन देतात आणि बेरीज करतात. २००० साली इस्तंबूल येथे भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेत या मर्यादा पक्क्या झाल्या.

हे पाळायची मुख्य युक्ती पाचव्या रीतीची, म्हणजे दिशेची. आपल्याकडून पाहिले तर भूस्थिर उपग्रहांची एक कमान दक्षिण आकाशात पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलेली आहे. खालचा उपग्रह त्या कमानीच्या जवळ आला, की त्याने त्या भागाकडे झोत टाकायचा नाही. बाजूचा दुसरा उपग्रह काम उचलतो. युरोपात ही कमान क्षितिजाकडे झुकलेली असते. विषुववृत्तावर ती थेट डोक्यावरून जाते. आपल्याकडे तिचा माथा ६५ अंशांवर, म्हणजे बराच वर. त्यामुळे दक्षिणेकडचे चांगले उंच आकाश आपल्याला सोडावे लागते आणि ग्राहकाची डिश मुख्यतः उत्तरेकडे बघते.

सातपुड्यात याचा अर्थ काय?

इथे विषय आपल्या घरापाशी येतो. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. सहा तालुके. त्यातले अक्कलकुवा आणि धडगाव म्हणजे बव्हंशी डोंगर. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी. पाडे विखुरलेले, एकेक घर एकेका टेकडीवर. मोबाइल टॉवरला सरळ नजर लागते आणि डोंगर ती अडवतो. म्हणून तर उपग्रह.

पण सातपुड्याच्या दक्षिण उतारावरच्या पाड्यांची पाठ उत्तरेला डोंगराला टेकलेली असते. आणि आत्ताच आपण पाहिले की डिशला उत्तरेचे आकाश हवे. उपग्रह क्षितिजापासून साधारण २५ अंशांच्या वर आला की तो उपयोगाचा धरतात. आता ४०० मीटरवर २०० मीटर उंच डोंगर असेल तर तो आकाशाचा साडेसव्वीस अंशांपर्यंतचा भाग खातो. म्हणजे उत्तरेकडचे कामाचे आकाश खालच्या बाजूने कापले गेले. दरीच्या तळाशी तर परिस्थिती आणखी बिकट. तेव्हा 'उपग्रह म्हणजे कुठेही चालणार' हे अर्धसत्य आहे. आश्रमशाळेत किंवा आरोग्य केंद्रात डिश बसवताना इमारतीचे सोयीचे छप्पर न बघता आधी आकाश बघावे लागेल. क्लायनोमीटर घेऊन दिशेदिशेला डोंगराचा कोन मोजणे हे डिप्लोमाचा विद्यार्थीही करू शकतो. फायनल इयरच्या एखाद्या ग्रुपने धडगाव तालुक्यातल्या आश्रमशाळांसाठी असे कोनमापन केले, तर तो प्रोजेक्ट कपाटात धूळ खात पडणार नाही एवढे नक्की.

दुसरी गोष्ट उपग्रहांच्या दाटीची. ५३ अंश कललेल्या कक्षेतले उपग्रह ५३ अंश अक्षांशाजवळ रेंगाळतात, तिथे त्यांची गर्दी होते. गणित केले तर ५० अंशांवरच्या आकाशात त्यांची घनता आपल्या २१ अंशांवरच्या घनतेच्या सुमारे तिप्पट येते. म्हणजे त्याच उपग्रहसमूहातून युरोपच्या पदरात जास्त पडते, आपल्या पदरात कमी.

तिसरी गोष्ट क्षमतेची. एका झोताखालचे सगळे ग्राहक एकच पट्टा वाटून घेतात. समजा एका झोताला २४० मेगाहर्ट्झ मिळाले आणि हर्ट्झमागे ३ बिट दर सेकंदाला जमले, तर एकूण ७२० मेगाबिट. एकाच वेळी ३६० जण बसले तर प्रत्येकी २ मेगाबिट. रात्री दहाला हॉस्टेलच्या वायफायचे काय होते हे वेगळे सांगायला नको! पाड्यावरच्या चार-पाच संस्थांना हे पुरून उरेल. शहादा-नंदुरबारसारख्या दाट वस्तीला मात्र फायबर आणि टॉवरच हवेत. ज्याचे काम त्याने करावे.

आणि पावसाळा. कू आणि का बँडला पाऊस खातो. जुलैत सातपुड्यावर ढग बसले की टीव्हीवर 'नो सिग्नल' येते, तोच नियम इथेही लागू. लिंक बजेटमध्ये पावसाचे मार्जिन ठेवा असे सर सांगतात ते उगाच नाही.

आधी येईल त्याला, की सर्वांना?

आयटीयूमध्ये वाटणीच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदतात. एक म्हणजे 'आधी नोंद, आधी हक्क'. ज्या देशाने आधी अर्ज केला, त्याच्याशी मागून येणाऱ्याने जुळवून घ्यायचे. यातून 'कागदी उपग्रह' निघाले, म्हणजे सोडायचा नाही पण जागा अडवून ठेवायची. बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकतात तसे. आता नोंदीनंतर सात वर्षांत वापर सुरू करावा लागतो. मोठ्या उपग्रहसमूहांसाठी २०१९ च्या परिषदेने टप्पेही लावले: ती मुदत संपल्यावर दोन वर्षांत १० टक्के, पाच वर्षांत ५० टक्के आणि सात वर्षांत सर्व उपग्रह वर असले पाहिजेत. नाहीतर हक्क तेवढा कमी.

दुसरी रीत म्हणजे आराखडा. काही पट्ट्यांत प्रत्येक देशाचा वाटा आधीच राखून ठेवला आहे, मग त्याच्याकडे आज रॉकेट असो वा नसो. आपल्या फडासारखेच. ज्याला पाटाच्या तोंडाशी धाव घेता येत नाही, त्याचाही तुकडा राखलेला.

देशाच्या आत हाच वाद 'लिलाव की वाटप' या रूपाने आला. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २जी प्रकरणात १२२ परवाने रद्द केले. त्यानंतर मोबाइलचा स्पेक्ट्रम लिलावानेच जाऊ लागला. उपग्रहाचाही लिलाव व्हावा, असा आग्रह काही मोबाइल कंपन्यांनी धरला. आम्ही पैसे मोजले, यांना फुकट का, हा त्यांचा मुद्दा. मुद्दा अगदीच चूक नाही. पण तांत्रिक बाजू वेगळी आहे. टॉवरचा पट्टा एका भागात एकालाच देता येतो. उपग्रहाचा पट्टा दिशेच्या जोरावर अनेकांना एकाच वेळी वापरता येतो. जे दहाजण वाटून वापरू शकतात, ते एकाला विकून टाकले तर नऊ वाटे वाया जातात. दूरसंचार कायदा २०२३ च्या पहिल्या अनुसूचीत ठराविक उपग्रह सेवांना प्रशासकीय वाटपाने स्पेक्ट्रम द्यायची तरतूद आली. ९ मे २०२५ रोजी ट्रायने शिफारस केली, की या सेवांनी समायोजित एकूण महसुलाच्या ४ टक्के शुल्क द्यावे, किमान मेगाहर्ट्झमागे वर्षाला ३,५०० रुपये. आणि फिरत्या उपग्रहांच्या इंटरनेट सेवेने शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा द्यावेत. ग्रामीण ग्राहकावर हा जादा भार नाही. या शेवटच्या वाक्यात आपला जिल्हा बसतो.

गप्प बसलेला शेजारी

वाटणी करताना एक भागीदार नेहमी विसरला जातो, कारण तो बोलत नाही, फक्त ऐकतो. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात याची दोन रूपे शेजारी शेजारी आहेत. आर्वी येथे १९७१ मध्ये देशाचे पहिले मोठे व्यापारी उपग्रह भू-केंद्र सुरू झाले. तिथून भारत उपग्रहामार्फत परदेशांशी बोलू लागला. आणि त्याच तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ही दुर्बीण कोट्यवधी प्रकाशवर्षांवरची कुजबुज ऐकते. तिच्यासाठी प्रत्येक उपग्रह म्हणजे लाउडस्पीकर.

२०२३ मध्ये युरोपातल्या लोफार दुर्बिणीवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना स्टारलिंक उपग्रहांमधून ११० ते १८८ मेगाहर्ट्झ दरम्यान लहरी गळताना आढळल्या. या वारंवारतेवर ते उपग्रह बोलतच नाहीत. आतल्या इलेक्ट्रॉनिक्समधून झिरपणारा हा आवाज. जीएमआरटीचा १५० मेगाहर्ट्झचा पट्टा नेमका यातच येतो. ईएमआय-ईएमसी हा पेपर आपण 'स्कोअरिंग' म्हणून घेतो, पण त्याचा खरा अर्थ इथे कळतो. पाटाच्या फटीतून झिरपणारे पाणीही कोणाच्या तरी शेतात जातेच.

शेवटी

२९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार कार्ड आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. नंबर आधी आला. तो नंबर तपासायला लागणारे नेटवर्क डोंगरात मागे राहिले. रेशनच्या मशीनवर अंगठा लावायचा आणि सर्व्हर मिळत नाही म्हणून परत जायचे, हा अनुभव सातपुड्यातून आलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या घरचा आहे. माझ्याही घरचा आहे. म्हणून स्पेक्ट्रमची वाटणी मला नुसता परीक्षेचा टॉपिक वाटत नाही.

उपग्रह वरून जातो म्हणून तो आपोआप सगळ्यांचा होत नाही. नियम कोणी केले, डिश कुठे लावली, शुल्क किती, झोतात किती वाटेकरी, यावर शेवटच्या पाड्याचा वाटा ठरतो. फडाने आपल्याला शिकवलेले तत्त्व साधे आहे: पाणी कमी असो की जास्त, शेवटच्या शेताचा हिशोब आधी मांडायचा. या क्षेत्रात उद्या नियम करणाऱ्यांच्या, नेटवर्क आखणाऱ्यांच्या खुर्चीत आपल्यातलेच कोणी बसणार आहेत. त्यांनी तेवढे लक्षात ठेवले तरी या लेखाचे काम झाले.

ज्यांना गच्चीवरचे कोनाचे गणित करून बघायचे आहे त्यांनी होकायंत्र आणि कोनमापक घेऊन जरूर यावे. रविवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर!

– अंतिम वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार